उद्या उचलायची झाली तर

सरावलीचं घर रामकिसनच्या नावावर होऊन वीस वर्षं उलटली, पण त्या घराच्या भिंतीत अजून एक खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. देव पत्र्याच्या पेटीवर. आरसा दाराला टेकवून उभा, त्यामुळं दार लावायचं झालं की आधी आरशाला उठवावं लागे. स्वयंपाकाला ओटा नव्हता. शेगडी नटबोल्टच्या टेबलावर होती, आणि पाना हातात घेतला की चहा उकळायच्या आत टेबल सुटं करता येई. कढीपत्ता होता, तोही तेलाच्या डब्यात. एकदा सोजराबाईनं अंगणात आंब्याची कोय पुरली, तर नवरा म्हणाला, "ह्याचे आंबे खायला हितं ऱ्हाणारंय कोण?" कोय बिचारीनं ऐकून घेतलं आणि ती उगवलीच नाही.

"उद्या उचलायची झाली तर?" हा ह्या घराचा मंत्र होता. खाट घ्यायची तर घडीची घ्या, उद्या उचलायची झाली तर. कपाट घ्यायचं तर दोन माणसांना उचलेल एवढंच. जिंतूरकडच्या आडगावहून रामकिसन तारापूरच्या एका कापड कारखान्यात बॉयलरवर लागला, तो दोन वर्षांसाठी. दोनाची तीस झाली. पोरं इथं वाढली, इथंच त्यांची लग्नं लागली, आणि रामकिसनच्या खाटेखाली दोराची दोन भेंडोळी आणि एक ताडपत्री तशीच राहिली. ज्या दिवशी गावी जायला टेम्पो बोलवायचा, त्या दिवशी सामान बांधायला ती ठेवलेली. दर उन्हाळ्यात ते दोर पत्र्यावर वाळत पडायचे. एकदा घुशींनी कुरतडले तर त्यानं तसेच नवे आणले. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, रामकिसन आपल्या पान्याशेजारी दोर मांडून त्यांनाही हळदकुंकू वाही. पोरं तोंड दाबून हसत. सोजराबाई हसत नसे, कारण पहिली काही वर्षं तिनंही त्या दोरांना मनापासून हात जोडले होते.

तर अशा घरात माघातल्या एका रविवारी दुपारी सगळे पडवीत बसले होते, मसाला कांडायच्या मशीनचा खर्च किती येतो ते बघायला.

मशीनचं खूळ सोजराबाईचं. फाल्गुन लागला की सरावलीतल्या बाया मिरच्या वाळवून, भाजून, डबे डोक्यावर घेऊन बोईसरला नाहीतर थेट मनोरला कांडपावर जायच्या. कुणी परभणीची, कुणी जळगावची, कुणी सांगोल्याची. प्रत्येकीचा मसाला निराळा, आणि रांगेत आपल्या आधी दुसरीचा खोबरं घातलेला मसाला कांडला गेला तर चार दिवस तोंड फुगवून बसणाऱ्या. सोजराबाई मात्र आपलं येसर लोखंडी खलबत्त्यात घरीच कुटायची. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले ह्यांची ती गावाकडची भरड पूड. आमटीत चमचाभर टाकली की पोरं ताट चाटत. पण सोजराबाईला ते येसर तीस वर्षांत एकदाही पटलं नव्हतं. येसर कुटावं ते आडगावच्या ओसरीतल्या उखळात. तिच्या सासूच्या सासूनं भुईत पुरलेलं ते दगडी उखळ, काठ हाताच्या घाशीनं गुळगुळीत झालेले. सासू आणि ती समोरासमोर उभ्या राहून मुसळ घालायच्या, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. निघताना तिनं नवऱ्याला विचारलं होतं, उखळाचं काय? तो म्हणाला होता, "ते कुठं पळून चाललंय? आपण दोन वर्सांनी येतोच की." आणि त्यानंतर ती जेव्हा जेव्हा काही मागे, पाटा म्हणा, जातं म्हणा, तेव्हा त्याचं एकच उत्तर असे, "तिथं उखळ हाय की."

दिवाळीत रामकिसन निवृत्त झाला आणि कारखान्याचे पैसे हातात आले. एकतर आडगावात आपल्या वाट्याच्या जागेवर दोन खोल्या, नाहीतर इथं मशीन. दोन्हीला पुरतील एवढे ते नव्हते. सोजराबाईनं भीत भीत मशीनचं नाव काढलं तेव्हा तो म्हणाला, "करू. तीन वर्सं हितं चालवू, मंग मशीनच उचलून गावी नेऊ. खोल्या मशीनच्याच पैशातून बांधू." तिला इतका आनंद झाला की त्यातलं 'उचलून' तिनं ऐकलंच नाही.

पंधरा दिवस त्यानं डोकं चालवलं आणि आज नातीचा, उन्नतीचा, खडू घेऊन पडवीच्या कोब्यावर ओळीनं सगळं लिहिलं. मशीन, मोटर, तीन फेजची लाइन, टेम्पो, मिरच्या भाजायची कढई, चाळण्या, वजनकाटा. पावसाळ्यात मिरची सादळते म्हणून बंद राहायचे चार महिने, त्यांचं लाइटबिल. मिरचीच्या खकाण्यानं डोळे जातील म्हणून दोन चष्मे. पेढे, नारळ, आणि शेवटी लिंबू-मिरची.

"आबा, मिरचीच्या धंद्याला वरनं आणखी लिंबू-मिरची?" ज्ञानेश्वरी म्हणाली. ती थोरली, मनोरला दिलेली, खास ह्या बैठकीसाठी आलेली. आडगावात जन्मलेली ह्या भावंडांतली ती एकटीच, आणि बापाच्या मंत्राची खरी वारस.

"असू दे. गिऱ्हाईक नजरंचंच जास्त असतंय," रामकिसन म्हणाला.

मुलानं, सुजितनं, मोबाइलवर बेरीज मारली. तो रात्रपाळी करून आला होता, केमिकल कंपनीतून, डोळे लाल. "बसतंय, माय," तो म्हणाला. "थोडे उरतात पण."

सोजराबाईनं आकडा ऐकला आणि पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं. बसतंय. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. जन्मभर तिला जे जे हवं वाटलं ते बेरजेत बसलं नव्हतं, आणि हे बसलं होतं.

बेरीज तपासायला सुजितच्या बायकोनं, प्रतीक्षानं, आपल्या भावाला वाणगावहून बोलावून घेतलं होतं. प्रदीप पिठाच्या गिरण्या आणि कांडपाच्या मशिनी बसवायचं काम करी. घरच्या वाडीतल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी त्यानं बहिणीच्या हातात दिली, चप्पल काढली आणि कोब्यावरचं लिखाण वाकून वाचत तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गेला. मग परत पहिल्या ओळीशी आला.

"काका, सगळं बराबर हाय. पण फाउंडेशन कुठं धरलंय?"

"काय?"

"मशीनचा पाया. खड्डा खणून काँक्रीट भरायचं, त्याच्यात बोल्ट पुरायचे, वर मशीन कसायची. ते नाय दिसत."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. नव्हतं. लिंबू-मिरची होती आणि पाया नव्हता. रामकिसननं तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता, तो काय हवेत उभा होता? सुजित रोज मशिनींच्या जंगलात वावरणारा. पंधरा दिवस ह्या घरात दुसरा विषय नव्हता आणि एकाच्याही ध्यानात हे आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली असती की नाही, देव जाणे. ह्या घरात ती व्हायचीच होती.

"चौकटीवर ठिवू," रामकिसन म्हणाला. "लोखंडी चौकट करू, खाली रबर टाकू."

"ठेवा ना. पण मुसळं पडायला लागली का ती एका जागी ऱ्हात नाय, काका. आमच्या इथं एकानं तशीच ठेवलेली. सकाळी भिंतीला होती, दुपारी दारात आली."

"गिऱ्हाईक आणायला निघाली असंल," सुजित म्हणाला, आणि सगळे हसले.

रामकिसन हसला नाही. "अन् उद्या उचलायची झाली तर?"

"नट सोडले का मशीन निघते, काका."

"मशीन निघंल. पाया निघंल का?"

 प्रदीपला प्रश्नच कळला नव्हता. वाणगावला त्याच्या आज्यानं लावलेल्या चिकूखाली त्याची पोरं खेळत होती, त्याला पाया निघण्याशी काय करायचं होतं?

"आबांचं बराबर हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तीन वर्षांसाठी कशाला पडवी फोडायची? रबर जाड घ्या. जास्तीचं काम काढायचं असलं का सगळेच पाया म्हणतात."

प्रदीपनं मान खाली घातली. प्रतीक्षाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. ती सहसा नणंदेला उलटून बोलत नसे. "ताई, माझा भाऊ मजुरी घेणार नाय. तुमी ते मनातनं काढा," ती म्हणाली. "आणि मी इथं लग्न करून आले ना, तेव्हा माझ्या आईनं मला सांगितलेलं, बाय, त्या घरात एक खिळा नाय, ती माणसं कधी पण जातील, तू काय करशील? सात वर्षं झाली. उन्नती शाळेत जायला लागली. मी अजून इचारलं नाय, आपण जाणार का ऱ्हाणार. आज इचारते."

"प्रतीक्षा," सुजित म्हणाला.

"तुमी गप बसा. तुमाला पण इचारायचंय, पण तुमी इचारत नाय."

सुजितनं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. सोजराबाईनं सुनेकडं पाहिलं. सात वर्षं ही पोरगी आपल्याला परकी वाटली, कोरड्या बोंबलाच्या वासाची, समुद्राकडची, आणि आपल्या पोटातलं हिनं बोलावं? तिला सुनेचा हात धरावासा वाटला. पण समोर नवऱ्याचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला सुनेला गप्प करावंसंही वाटलं. कात्रीत सापडणं म्हणतात ते हेच.

तेवढ्यात रामकिसनचा फोन वाजला. रविवार दुपार, म्हणजे गावाकडून अंगद. धाकट्या भावाचा फोन ह्या घरात स्पीकरवरच घ्यायची रीत होती. आडगाव सगळ्यांना थोडं थोडं ऐकू यायला पाहिजे, असं रामकिसनचं म्हणणं.

"भाऊ, जेवलाव का?" अंगदचा आवाज पडवीभर झाला. "हितं हुरडा संपत आलाय. ज्वारी ह्या साली डोक्याच्या वर हाय. वैनी हाय का जवळ?"

"हाय की, बोला भावजी," सोजराबाई फोनकडं सरकली.

"वैनी, एक आनंदाची गोष्ट. ओसरीला टाइल्स बसवल्या. तुमी आता येणार, तुमचे गुडघे दुखत्यात, कुठवर त्या भुईला सारवीत बसाल? म्हणलं आपली वैनी तीस वर्सांनी घरी येऊ लालीय, तर पायाखाली चांगलं पायजे. पांढऱ्या हायेत, फुलाफुलाच्या."

"बरं केलंत," ती म्हणाली. मग तिला विचारावं लागलं. "अन् उखळ?"

"ते काढलं की. मधीच येत होतं. लई खोल पुरलं होतं बगा, दोघं गडी घामाघूम झाले. पण फुटू दिलं न्हाई, काळजी करू नका. गोठ्यापाशी ठिवलंय, कोंबड्या पाणी पित्यात त्यात." अंगद हसला. त्याच्या हसण्यात काही पाप नव्हतं. ह्या माणसानं भावजयीसाठी पदरचे पैसे घालून फरशी केली होती. "भाऊ, मंग कधी येताव? इटांचं बोलून ठिवू का?"

रामकिसन फोनकडं बघत राहिला. "सांगतो," म्हणाला, आणि फोन ठेवला.

 वाऱ्यावर एमआयडीसीचा वास आला, त्या वेळेला येतो तो. बाहेरून कुणीतरी सायकलवरून हिंदीत कुणाला तरी हाका मारत गेलं.

सोजराबाईला रडू आलं नाही. रडण्यासारखं काही झालंच नव्हतं. एक दगड दहा पावलं इकडचा तिकडं झाला होता. पण इतकी वर्षं ती रात्री डोळे मिटले की आधी त्या ओसरीत जायची, उखळाच्या काठावर तळवा ठेवायची आणि मग झोपायची. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आता तळवा कुठं ठेवायचा? फुलाफुलाच्या फरशीवर? आणि कोंबड्या पाणी पितात तर पिऊ देत, त्यांचं तरी काय चुकलं, असं स्वतःला समजावताना तिला आडगावची फार ओढ लागली. जे आता तिथंही नव्हतं त्याची ओढ.

नवऱ्याकडं बघवेना. तीस वर्षं त्यानं तिला त्या उखळाचा वायदा दिला होता. आता हा माणूस कशाच्या जोरावर 'तिथं हाय की' म्हणेल? तिला त्याची दया आली, आणि दयेच्या भरात ती बोलून गेली.

"मशीन ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मपलं खलबत्त्यानं काय अडलंय? दोन खोल्या बांधा. जाऊ आपण. तुमचा जीव तिथं हाय."

"माय, असं कामून म्हणतीस?" ज्ञानेश्वरीच म्हणाली. मघाशी बापाच्या बाजूनं भांडणारी हीच, पण आईचा आवाज ऐकून तिचा नूर पालटला. "आबा, तिला हौस हाय. आपण... आबा, पाया घालायचा तर घाला ना."

"तूच म्हणत होतीस ना, रबर जाड घ्या?" सुजित म्हणाला.

"म्हणत होते. आता नाय म्हणत."

 रामकिसन उठला, गुडघ्यावर हात टेकून, आणि पडवीच्या उजव्या कोपऱ्यात गेला. तिथं तेलाच्या डब्यातला कढीपत्ता होता. डबा त्यानं बाजूला सरकवला. मग खडू मागितला. प्रतीक्षानं दिला.

"प्रदीप, कुठवर येईल सांग."

प्रदीपनं वितीनं माप दाखवलं. रामकिसननं वाकून कोब्यावर चौकोन काढला. एक रेघ वाकडी आली ती त्यानं तळव्यानं पुसून पुन्हा ओढली.

"खोल किती?"

"अडीच फूट तरी."

"तीन घाल," रामकिसन म्हणाला. "उखळ काढायला दोन गडी घामाघूम झाले. हे काढायला चार झाले पायजेत."

सोजराबाई उंबऱ्याशी उभी होती.  सुजितनं मोबाइल पुन्हा सुलटा केला आणि सिमेंट, खडी, रेती, बोल्ट असं विचारत बेरजेत घालू लागला. प्रतीक्षा शेवटच्या ओळीखाली लिहीत गेली. थोडे उरत होते ते संपले. वर थोडे लागतील असं निघालं तेव्हा ज्ञानेश्वरीनं कढई आपल्याकडून म्हणून सांगितलं आणि प्रदीपकडं न बघता त्याला चहा घेणार का विचारलं. ती तिची माफी होती. त्यानं घेतो म्हणून मान हलवली.

"आता उतरवायचं ऱ्हायलं," प्रदीप म्हणाला. "मशीन लई वजनाची. टेम्पोवरनं बोल्टवर नीट बसवायची तर चार माणसं पायजेत, आणि जाड दोर. दोर बोईसरला भाड्यानं मिळतात, मी आणतो."

प्रतीक्षानं 'दोर भाडं' असं लिहिलं आणि आकडा विचारायला मान वर केली.

"ते पुस," रामकिसन म्हणाला.

"का, आबा?"

"दोर घरात हायेत."

प्रदीप सोडून पडवीतल्या प्रत्येकाला ते दोर ठाऊक होते. सुजित एकदम बाहेर रस्त्याकडं बघू लागला. ज्ञानेश्वरी चहाला म्हणून उठली होती, ती दारातच थांबली. प्रतीक्षानं खडू खाली ठेवला, पण तिचा हात पुसायला पुढं होईना, आणि तिनं सासूकडं पाहिलं.

सोजराबाई पुढं आली, खाली बसली आणि तळव्यानं ती ओळ पुसली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. अंगणात कोय पुरायलाही आता कुणी नको म्हणणार नव्हतं. तरी तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती तिनं लपवली नाही.

आत खाट सरकल्याचा आवाज झाला. रामकिसन दोन्ही भेंडोळी छातीशी धरून बाहेर आला आणि ती त्यानं चौकोनात, बरोबर मधोमध, ठेवली. खंडेनवमीचं कुंकू दोरांच्या पिळांत अजून होतं. तो तिच्या शेजारी बसला.

"ह्याच्यासाठी न्हवते ठिवले," मग तो हलक्या आवाजात म्हणाला, फक्त तिला ऐकू जाईल असं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि एक भेंडोळं आपल्याकडं ओढून त्याची गाठ सोडू लागली. दोर आणल्यापासून ती गाठ कुणी सोडली नव्हती. नखं दुखली तरी ती बसून राहिली, आणि पलीकडचं टोक त्यानं धरलं.